तोंडाला फेस

आमच्या भाच्याने मध्यंतरी दाढीचा नवा ब्रश घेतला आणि आठ दिवसांत त्याला नावे ठेवून कपाटात टाकून दिला. तक्रारी तीन. ब्रशाला वास येतो, केस गळतात आणि फेस होत नाही. "मामा, तुमच्या काळी ठीक होतं हो. आता डबा दाबला की फेस बाहेर," असे फोनवर म्हणाला. फोनवर मी बोलतो त्यातले निम्मे त्याला ऐकू जात नाही आणि उरलेले निम्मे तो ऐकत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. घरातली मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, कारण जेवणाच्या पंगतीत मला त्यावरून बोलणी बसतात. बाकीच्या वाचकांनी, विशेषतः भगिनीवर्गाने, आज थोडे सांभाळून घ्यावे. विषय दाढीचा आहे. पण शेवटाकडे तो तुमच्याही घरातला निघेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नव्या ब्रशाबद्दल महिनाभर कोणीही मत देऊ नये. फेस होत नसेल तर साबणाला दोष देण्याआधी पाण्याकडे पाहावे. आणि म्हाताऱ्या, आजारी माणसाची दाढी घाईने, कोरड्या गालावर कधीही करू नये. तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तिथे पोचायला पहिल्या दोन मुद्द्यांवरूनच जावे लागते.

ब्रश चार प्रकारचे. बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आहे, त्याच्या केसांचा ब्रश सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग. त्याचे केस बहुतेक चीनमधून येतात. दुसरा घोड्याच्या केसांचा. तिसरा डुकराच्या राठ केसांचा, आणि चौथा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा. भाच्याचा ब्रश तिसऱ्या जातीचा. हे आमच्या हिला कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तो देवघराच्या बाजूच्या बेसिनवर तर ठेवत नाही ना? मी म्हटले, अगं, आपल्या वाडवडिलांच्या ज्या सोवळ्या घरांत कांदासुद्धा येत नव्हता, तिथले पुरुष रोज पहाटे उठून गालाला काय फासत होते ते कोणी कधी विचारले होते का? दुकानदार सांगत नसे आणि घेणारा विचारत नसे. ब्रशाच्या मुठीवर जनावराचे नाव नसते.

घोड्याच्या केसांची गोष्ट जास्त गंभीर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळीचा रोग पसरला. नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशात गेले, ते बॅजर म्हणून खपवले गेले, आणि दाढीच्या बारीकशा कापातून रोग अंगात शिरला. सैनिक दगावले. अमेरिकेच्या सरकारी संशोधकांनी २०१७ साली या जुन्या प्रकरणावर पुन्हा निबंध लिहिला, कारण जुने ब्रश जमवून वापरण्याची हौस आता परत आली आहे. तेव्हा आजोबांचा ब्रश सापडला तर तो कपाटात आठवण म्हणून ठेवावा, गालाला लावू नये. जुन्यावर माझे प्रेम आहे, पण ते आंधळे नाही.

आता भाच्याच्या तक्रारी. वास येणारच. तो केस जनावराचा आहे, धुतलेला असला तरी त्याचा मूळ वास राहतो आणि ओला झाला की वर येतो. यावर उपाय असा. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून ब्रश हलक्या हाताने धुवावा. मग दाढीच्याच साबणाचा भरपूर फेस तळहातावर करावा आणि तो फेस ब्रशातच राहू देऊन ब्रश रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी धुऊन टाकावा. असे चार-पाच दिवस केले की वास जातो. पाणी कोमटच हवे, उकळते नको. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि मुठीतला डिंक सुटतो. मग केस गळाले म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

केस गळण्याचेही तेच. पहिल्या आठवड्यात दोन-चार केस पडतात. ते मुळात नीट बसलेलेच नसतात. महिन्यानंतरही रोज पडत असतील तर ब्रश खराब आहे असे समजावे आणि दुकानदाराला परत द्यावा.

तिसरी गंमत डुकराच्या केसातच आहे. हा केस नवा असताना खराट्याच्या काडीसारखा ताठ असतो. रोज भिजून, वाळून आणि गालावर फिरून त्याची टोके फुटू लागतात. एकेका टोकाचे दोन-तीन धागे होतात. डोक्याच्या केसांना फाटे फुटले तर बायका हळहळतात, इथे मात्र त्याचीच वाट पाहायची असते. टोके फुटली की ब्रश वर मऊ होतो आणि बुडाशी ताठ राहतो. गालाला मखमल आणि साबणाला खरारा, दोन्ही कामे एकाच ब्रशात होतात. याला रोजच्या वापराने महिना-दीड महिना लागतो. शिवाय हा केस स्वतः पाणी पितो. नवा असताना तो दोन कामांतले पहिले काम, म्हणजे पाणी पिण्याचे, एवढे करतो की तुमच्या फेसाला पाणीच उरत नाही. म्हणून तोंड धुवायला जाताना ब्रश वाटीभर कोमट पाण्यात टाकावा. पाच मिनिटे तो भिजला की त्याची तहान भागते. बॅजरला एवढी वाट पाहावी लागत नाही, तो पाणी केसांच्या मधल्या फटींत धरतो.

पहिल्या आठवड्यात जो विद्यार्थी मागच्या बाकावर बसून काही बोलत नाही त्याला ढ ठरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. असो, तो विषय वेगळा.

आता पाणी. मराठी शाळेत विज्ञान शिकवताना जड पाणी आणि हलके पाणी हा धडा असे, आणि मुलांना तो परीक्षेपुरता पाठ असे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी आधी लग्न लावतो आणि फुटलेल्या दुधासारखा साका होऊन बसतो. सगळे क्षार असे संपल्यावर जो साबण उरेल त्याचा फेस. भाचा राहतो पुण्याच्या बाहेरच्या नव्या वसाहतीत. तिथे बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी मिसळून येते. त्याच्या नळाच्या तोटीवर पांढरी पुटे चढलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्या पाण्यात कोणता साबण काय दिवे लावणार? त्याने पिण्याच्या गाळलेल्या पाण्यातले एक पेलाभर पाणी दाढीला घ्यावे. पेलाभर पुरते. तेवढ्याने त्याची अर्धी तक्रार मिटेल.

आम्ही पेणकर पाण्याच्या बाबतीत पावसाळ्यापुरते श्रीमंत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे आभाळ अक्षरशः ओतते. आषाढात कौलांच्या पागोळ्यांखाली पातेले ठेवून जे पाणी भरते, त्याच्यासारखे मऊ पाणी कुठल्या बाटलीत मिळत नाही. पहिला तासभराचा पाऊस वाहून जाऊ द्यायचा, कौले धुऊन निघाली की मग पातेले ठेवायचे. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या क्रीमचा फेस आवरत नाही. आमच्या लहानपणी घरातल्या बायका पागोळीचे पाणी केस धुवायला राखून ठेवत आणि त्यातले तांब्याभर वडील दाढीला मागून घेत. रसायनशास्त्र कोणाला येत नव्हते, पण पाण्याची जात सगळ्यांना कळत होती.

याच पेण तालुक्यात खारेपाट आहे. वाशी, शिर्की, खाडीकाठची गावे. तिथे विहिरीचे पाणी खारे, आणि खाऱ्या पाण्यात साबण विरघळतच नाही, वेगळा होऊन तरंगतो. साबण करणारे कारखानदार शेवटी मीठ घालूनच साबण पाण्यातून वेगळा काढतात, तोच हा प्रकार. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, हंडे घेऊन मोर्चे काढले आहेत. आणि याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी जलवाहिनीने नवी मुंबईला जाते. नवी मुंबईकरांनी दाढी करू नये असे मी म्हणत नाही. पण दाढीच्या फेसावर लेख लिहिणाऱ्या माणसाच्या घरात गोडे पाणी आहे म्हणून तो हा लेख लिहू शकतो, एवढे तरी त्याने लक्षात ठेवावे. रोह्याचेही तसेच. भर वैशाखात कुंडलिका वाहते, कारण वर मुळशीच्या धरणात अडवलेले पावसाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली सोडले जाते. ते वीजगृह १९२७ सालचे. ते धरण होऊ नये म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. जमिनी बुडायच्या त्या बुडाल्याच. गोड पाण्याचा हिशेब कुठे ना कुठे कोणाच्या तरी नावे मांडलेला असतो.

फेस करण्याची माझी रीत सांगतो. दुसऱ्या कोणाची वेगळी असेल, त्यांनी खुशाल प्रतिक्रियेत लिहावी.

आधी कोमट पाण्याने तोंड धुवावे आणि पुसू नये. ओला टॉवेल मिनिटभर गालावर धरला तर उत्तमच. दाढीचा केस मऊ करते ते पाणी. साबण नव्हे. केसाने पाणी पुरते प्यायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि भिजलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. फेसाचे काम एवढेच की ते पाणी गालावर टिकवून धरायचे, केस उभा ठेवायचा आणि पाते सरकायला वाट निसरडी करायची. हे एकदा समजले की उरलेले सगळे आपोआप समजते.

भिजलेला ब्रश पाण्यातून काढून एकदा झटकावा. वडीचा साबण असेल तर त्यावर वीस-तीस सेकंद गोल फिरवावा. क्रीम असेल तर शेंगदाण्याएवढे पुरे. जाहिरातीत ब्रशभर लांब वळवटी दाखवतात, त्या ट्यूब लवकर संपावी म्हणून. मग स्टीलच्या वाटीत किंवा थेट गालावर ब्रश फिरवायला लागावे. सुरुवातीला जो फेस येतो तो ताकावरच्या फेसासारखा, मोठमोठे बुडबुडे, फुंकर मारली की गायब. त्यावर समाधान मानून पाते लावणारे लोक नंतर गाल आगीने पेटला म्हणतात. फिरवत राहावे. मध्ये बोटाने दोन थेंब पाणी घालावे, पुन्हा फिरवावे, पुन्हा दोन थेंब. पाणी एकदम ओतायचे नाही, कणीक भिजवताना ओतत नाही तसे. मिनिटभरात बुडबुडे दिसेनासे होतात आणि फेस चक्क्यासारखा घट्ट दिसू लागतो. इथे बहुतेक जण थांबतात. आणखी चार-पाच थेंब घालावेत. मग त्यावर चमक येते, फेटलेल्या श्रीखंडावर येते तशी. ब्रश उचलला की टोकाला शेंडी उभी राहून किंचित वाकते. तो फेस दाढी संपेपर्यंत गालावर वाळत नाही.

अंगाच्या साबणाचा असा फेस का होत नाही, असे एका वाचकाने मागे विचारले होते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि तो सोड्याबरोबर पोटॅशच्या क्षाराने केलेला असतो. पोटॅशचा साबण मऊ आणि पाणी धरणारा, स्टिअरिकचा फेस टिकाऊ. अंगाच्या साबणाचा फेस झटकन येतो आणि झटकन जातो, आंघोळीला तोच बरा.

ब्रश दाबायचा नाही, हे मात्र ठळक अक्षरात लिहावेसे वाटते. फरशी घासल्यासारखा जो ब्रश दाबतो त्याच्या ब्रशाच्या मध्यभागी टक्कल पडते. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम चालू असताना कोणीही जाऊन उभे राहावे. पेण शहरात, हमरापूर-जोहे भागात, असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. मूर्तीचे डोळे लिहिणारा कारागीर कुंचल्याचे फक्त टोक वापरतो. मनगट फिरते, कुंचला वाकत नाही. एकेक कुंचला तो वर्षानुवर्षे सांभाळतो आणि दुसऱ्याच्या हातात देत नाही. (कुंचल्यांचीही एक काळी बाजू आहे. बारीक कामाचे चांगले कुंचले म्हणून मुंगसाच्या केसांचे कुंचले देशभर विकले जात. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे आणि २०१९ साली देशभर धाडी पडल्या. चित्रकलेच्या शिक्षकांनी दुकानात विचारून घ्यावे.) दाढीचा ब्रशही तसाच टोकाने काम करणारा. आधी गोल फिरवून केस उभे करावेत, मग भिंतीला चुना लावावा तसे सरळ हात मारून फेस सारखा करावा.

वापर झाल्यावर स्वच्छ धुवावा, झटकावा, टॉवेलवर दोन-चारदा अलगद फिरवावा आणि हवेत ठेवावा. कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. श्रावणात इथे दाराच्या कड्यांना बुरशी येते, ब्रशाची काय कथा. न्हाणीघरात बंद कपाटात ठेवलेला ओला ब्रश आठ दिवसांत कुजतो. मी पावसाळ्यात दोन ब्रश ठेवतो, एक दिवसाआड वापरतो, आणि सुट्टीवरचा ब्रश स्वयंपाकघराच्या खिडकीत केस खाली करून टांगतो. हिला ते आवडत नाही. मूठ प्लॅस्टिकची आहे, केस नायलॉनचे आहेत, असे सांगून ती तडजोड झाली. होय, पावसाळ्यातला माझा दुसरा ब्रश नायलॉनचा आहे. लवकर वाळतो, वास नाही, प्राण्याचा प्रश्न नाही. आताचे कृत्रिम ब्रश पूर्वीसारखे काटेरी राहिलेले नाहीत. ज्यांना महिनाभर थांबायचे नाही त्यांनी तो घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

दाढी हा विषय निघाला की आमच्या वयाचे लोक हमखास जुन्या न्हाव्याच्या आठवणी काढतात. धोकटी घेऊन तो घरी यायचा, पडवीत बसवायचा, वाटीतले पाणी, वस्तरा, तुरटी, काय तो हात, वगैरे. हात खरोखरच चांगला असे. पण त्या हाताने केलेल्या दाढीनंतर आंघोळ होईपर्यंत घरात कोणाला शिवायचे नाही, हा त्या आठवणीतला भाग मंडळी गाळतात. ज्याच्या हातात गळा विश्वासाने द्यायचा त्याचाच विटाळ मानायचा. तोच न्हावी आणखी खालच्या मानलेल्या जातींची दाढी करीत नसे, त्याला करू दिली जात नसे. साताऱ्याला बाबासाहेब आंबेडकरांचे लहानपणी केस कापायला न्हावी मिळत नसे, त्यांची मोठी बहीण भावंडांचे केस कापी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि याच न्हावी समाजातल्या लोकांनी १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सभा भरवून विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे ठरवले. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. आमच्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असे, मी तिच्यावर एक तास घालवी.

जिलेटचे सुरक्षित पाते १९०४ साली पेटंट झाले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाच्या हातात आले. दाढी घरात, आपल्या आरशापुढे, आपल्या हाताने होऊ लागली. पडवीतला विटाळ त्याबरोबर आपोआप संपला. कोणी भाषण केले नाही. पुढे नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली तशी सलूनमध्येही वस्तऱ्यात अर्धे पाते बसवून, गिऱ्हाइकासमोर नवे काढून वापरण्याची पद्धत रुळली. हे सगळे चांगलेच झाले. म्हणून जुना काळ चांगला होता असे मी ब्रशाच्या निमित्ताने म्हणतो आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. दाढी ठेवणाऱ्यांबद्दलही माझे काही म्हणणे नाही. आमच्या पेण तालुक्यात गागोद्याला १८९५ साली जन्मलेला जो माणूस देशभर पायी फिरला, त्याला दाढीच होती.

मग डब्यातल्या फेसाला माझा विरोध का? धडधाकट माणसाने घाईत वापरला तर विरोध नाहीच. ज्याला सात वीसची गाडी पकडायची आहे त्याला मी कणीक भिजवायला सांगत नाही. पण तो फेस गालावर आयता येऊन बसतो. केसांच्या मुळापर्यंत त्याला कोणी चोळत नाही, केस भिजायला लागणारी ती दोन-तीन मिनिटेही कोणी देत नाही. तरुण कातडी हे सहन करते. म्हातारी कातडी करत नाही.

आमचे दादा रोह्याला असतात. वय त्र्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. रक्त पातळ राहण्याची गोळी रोज चालू आहे. वहिनींना एकटीने झेपत नाही म्हणून ब्युरोकडून एक मुलगा दिवसभरासाठी येतो. मुलगा चांगला आहे. उचलणे, बसवणे, भरवणे, सगळे करतो आणि त्याला मिळतात ते पैसे त्या कामाच्या मानाने थोडेच आहेत. पण दाढी तो स्वच्छतेच्या कामात धरतो. पाण्याचा हात गालावरून फिरवायचा, वापरून टाकायच्या रेझरने चार फटकारे मारायचे आणि झाले. वाळक्या, सैल पडलेल्या कातडीवर ते पाते अडखळते. बारीक बारीक कापे पडतात, आणि गोळीमुळे ती वाहतच राहतात. कापसाचे बोळे चिकटवलेला दादांचा चेहरा मी बघितला. त्याला मी रागावलो नाही. त्याला हे कोणी शिवलेले नाही, शिकवलेलेही नाही. रुग्णसेवेच्या कुठल्या शिक्षणात दुसऱ्याची दाढी कशी करावी याला पुरेसा वेळ देतात असे मला आजवर दिसलेले नाही. इंजेक्शन शिकवतात.

तेव्हापासून मी दर रविवारी पेणहून रोह्याला जातो आणि दादांची दाढी करतो. नोकरीत असताना दादांची एक दिवस दाढी राहिलेली कोणी पाहिली नाही. ताप असला तरी आरसा मागत. बोलता येत नसलेल्या माणसाचे असे होते की आजूबाजूचे लोक त्याच्याशीही बोलेनासे होतात, त्याच्यावरून एकमेकांशी बोलतात. "यांनी आज खाल्लं का," "यांना उचला," असे. दाढीला वीस मिनिटे लागतात आणि त्या वीस मिनिटांत मला त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून बसावेच लागते. ब्रश गालावर फिरू लागला की डावा डोळा मिटतात. वरच्या ओठाची पाळी आली की अजून स्वतःहून ओठ दाताखाली ओढून धरतात. अर्धाच ओढला जातो, दुसरी बाजू मी बोटाने ताणतो. पहिल्यांदा त्यांनी तसे केले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. डॉक्टरांना हे सांगितले तर ते म्हणाले, चांगले आहे, चालू ठेवा. याने आजार बरा होईल असे मी समजत नाही आणि कोणी समजूही नये. आठवड्यातून वीस मिनिटे ते रुग्ण नसतात, आपली दाढी करवून घेणारे गृहस्थ असतात.

पाते एकच धारेचे, नवे, आणि केस जातो त्याच दिशेने. उलट्या हाताने एकदाही नाही. गुळगुळीत करण्याची हौस इथे बाजूला ठेवावी. बीजगणिताइतकी अवघड गोष्ट नाही ही, कोणालाही येईल.

आता घरच्या मंडळींसाठी. पुढच्या महिन्यात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी त्यानंतर दोन आठवडे धूळ आणि प्रवास टाळायला सांगितला आहे. म्हणजे दोन रविवार रोह्याला कोणीतरी जायला हवे. पनवेलच्या दोघांपैकी एक आणि ठाण्याचा एक, असे आपसांत ठरवावे आणि वहिनींना आधी फोन करावा, दादा दहा वाजता ताजेतवाने असतात. ब्रश त्यांच्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत टांगलेला आहे. वाटी, क्रीम आणि पात्यांचा डबा खालच्या खणात, तुरटीही तिथेच. पाणी नळाचे चालेल, रोह्याचे पाणी मऊ आहे. कोमट आहे ना ते आपल्या मनगटावर आधी बघावे, कारण त्यांना चटका बसला तर सांगता येत नाही. सुरुवात डाव्या गालापासून करावी, त्या बाजूला त्यांना स्पर्श कळतो. हनुवटीखाली डाव्या अंगाला एक तीळ आहे, तो सांभाळावा. झाल्यावर आरसा दाखवायला विसरू नये, ते मान हलवेपर्यंत धरून ठेवावा.